कुंपणावरचं व्याकरण

शेजारच्या वहिनींच्या थोरल्याचं लग्न ठरलंय, हे तुम्हाला सांगितलं का मी? मुलगी मुंबईची, दादरकडची. मुहूर्त वैशाखातला. हॉल झाला, आचारी झाला, बँडवाला झाला. अडलंय कुठं, तर पत्रिकेत. प्रूफ आलं तसं वहिनींनी ते कुंपणावरून नानांच्या हातात दिलं. "नाना, जरा नजर टाका," एवढंच म्हणाल्या बिचाऱ्या. नाना म्हणजे आमच्या पलीकडचे. जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होते, मूळचे वाईचे, म्हणजे विश्वकोशाच्या गावचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात अजून लाल पेन असतं आणि अरुण फडक्यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' हे पुस्तक. पुस्तकाच्या नावाचा हुकूम इतका तंतोतंत पाळणारा दुसरा माणूस मी तरी बघितला नाही. अशा माणसाला 'जरा नजर टाका' म्हणायचं असतं होय?

सकाळी मी धुणं वाळत घालत होतो. होय, 'होतो'च. आम्ही कोल्हापूरच्या बायका येतो, जातो, करतोच म्हणतो. आमच्या आया म्हणायच्या, आज्या म्हणायच्या, आणि त्यातल्या एकीचंही बाईपण त्यानं कमी झालं नाही. नानांना मात्र ते कधीच पचलं नाही. मी "येतो हं नाना" म्हटलं की ते हळूच "येते" असं पुटपुटतात. पूर्वी मोठ्यानं म्हणायचे. तेवढी सुधारणा आहे.

तर मेंदीच्या कुंपणावरून प्रूफ परत आलं ते लालभडक होऊन. वहिनींचा चेहराच उतरला. "नाना, पत्रिका आहे की रक्ताचा रिपोर्ट?"

नाना थंडपणे एकेक जागा दाखवायला लागले. 'जेष्ठ चिरंजीव' नाही, 'ज्येष्ठ'. 'कोल्हापुर' नाही, 'कोल्हापूर'. गावाच्या नावातलं 'पूर' दीर्घच, पण 'कोल्हापुरात' म्हणायची वेळ आली की ऱ्हस्व. 'चि. सौ. का.' नाही, 'कां.', तो शब्द सौभाग्यकांक्षिणी आहे, टिंब खाल्लं तर मुलीला आकांक्षाच उरायची नाही. आणि सगळ्यांत मोठं पाप 'शुभार्शिवाद'. "आशीर्वादातला रफार 'व'च्या डोक्यावर बसतो," नाना म्हणाले. "आशीः अधिक वाद. लोक तो उचलून 'श'वर ठेवतात. निम्म्या महाराष्ट्राचे संसार या चुकीच्या आशीर्वादावर उभे आहेत."

"आणि बरे चाललेत की," मी म्हटलं.

वरती 'श्री ज्योतिबा प्रसन्न' होतं, त्यातलाही 'य' नानांनी उडवला होता. इथं मात्र वहिनींनी पदर खोचला. प्रेसवाला म्हणतो, सगळेजण ज्योतिबाच छापतात. नाना म्हणाले, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जाऊन गुलाल उधळणारा कुठला भक्त 'ज्योतिबाच्या नावानं' म्हणतो ते दाखवा. चांगभलं जोतिबाच्या नावानंच होतं. ते मलाही पटलं. डोंगरापर्यंत तरी कशाला जायचं, महात्मा फुले स्वतः सही करताना 'जोतीराव' लिहायचे आणि आपण पाट्यांवर त्यांना 'ज्योतिबा' करून ठेवलंय. माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या सहीपेक्षा शुद्ध करायचा अधिकार कुणी दिला, देव जाणे.

इथवर सगळं नानांच्या बाजूनं चाललं होतं. पण वहिनी काही साध्या नव्हेत. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाल्यात, आणि माहेर अमरावतीकडचं. चष्मा चढवून त्यांनी प्रूफ पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं आणि बोट ठेवलं. "नाना, हे 'आमचे येथे श्रीकृपेकरून' तुम्ही कसं काय सोडलं? 'आमच्या येथे' पाहिजे ना? आणि 'कृपेकरून' कोण बोलून राहिलं आजकाल?"

नाना गडबडले. खोटं नाही सांगत, लाल पेन हातातल्या हातात फिरलं. मग म्हणाले, "ती पत्रिकेची भाषा आहे, सूनबाई. रूढी आहे."

"मग माझं 'करून राहिले' पण रूढीच आहे!"

आता हे भांडण नवं नाही. वहिनी लग्न होऊन इथं आल्या त्या पहिल्याच वर्षी कुंपणापाशी उभ्या राहून त्यांनी नानांना विचारलं होतं, "काय करून राहिले?" आणि नानांनी गंभीरपणे उत्तर दिलं होतं, "करून राहिलो नाही, करतो आहे." तेव्हापासूनचा हिशेब चुकता करायला वहिनींना आज पत्रिका सापडली. त्यांनी सरळ रिद्धपूर काढलं. म्हणाल्या, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ लीळाचरित्र, तेराव्या शतकातला, तो म्हाइंभटांनी कुठं लिहिला? आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथंच झालं. "तुमची वाई तेव्हा काय करून राहिली होती?"

"रिद्धपूरला बरोबर आहे," नाना म्हणाले, "पण 'रिद्धपूरात' म्हणाला असतात तर मी थांबवलं असतं."

बघा. माणूस हरतानासुद्धा सामान्यरूप सोडत नाही.

एवढ्यात वहिनींच्या सासूबाई, आमच्या सगळ्यांच्या आजी, काठी टेकत बाहेर आल्या. आजींना ऐकू कमी येतं, पण भांडण बरोबर ऐकू येतं. "कशावरनं चाललंय?" वहिनींनी सांगितलं. आजी आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि हातात एक पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका, १९५८ सालची. आम्ही तिघं कुंपणावर वाकलो. काय सांगू तुम्हाला, त्या पत्रिकेवर टिंबांचा पाऊस पडला होता. 'आमचे येथें', 'करण्याचें योजिलें आहे', 'नांव', 'गांव'. जिथं बघावं तिथं डोक्यावर टिंब.

"आता ह्यातलं शुद्ध कंचं आणि अशुद्ध कंचं, सांगा नाना," आजी म्हणाल्या.

नानांनी मग आम्हाला इतिहास सांगितला, आणि तो सांगताना त्यांचा आवाज बदलतो, हे मान्य केलं पाहिजे. मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालं १९६१ साली. त्यांनी केलेले चौदा नियम शासनानं १९६२ला मान्य केले, १९७२ला त्यात चार वाढले, झाले अठरा. आज आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते एवढंच. ज्या अनुस्वाराचा उच्चार होत नाही तो लिहायचा नाही, हा त्यातला मोठा निर्णय. शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून कवी आणि गुरू. पण समासात गेले की कविराज आणि गुरुवार. 'आणि' मात्र ऱ्हस्व, त्याचा मान वेगळा.

आजींचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. टिंबं गेली तेव्हा त्यांना फार लागलं होतं म्हणे. "ते म्हणायचे, 'नांव' सांगायचं आणि 'नाव' पाण्यात घालायची. टिंब काढलं तर पोरगं नाव सांगतंय का बुडवतंय, मास्तरानं वळकायचं कसं?" आणि त्यांचं काही चूक नव्हतं हो. ते टिंब उगीच शोभेला नव्हतं. कधीकाळी तिथं खरोखर नाकातला उच्चार होता, कोकणातल्या काही बोलींत तो अजून ऐकू येतो. म्हणजे त्या मास्तरांच्या हिशेबानं आमचे नाना, लाल पेन, खिशातलं पुस्तक आणि सगळे अठरा नियम धरून, अशुद्ध. आणि आजींच्या पत्रिकेला आज दहावीच्या पेपरात मार्क पडायचे नाहीत. वयाच्या फरकानं शुद्ध बदलतं, एवढं मला त्या कुंपणावर कळलं. नानांना ते छापखान्यातच कळलं असणार, पण ते कबूल करत नाहीत.

मला नानांची बाजू समजतच नाही असं नाही. छापायचं म्हणजे कुठंतरी एक ठरवावं लागतं. एका पानावर 'महत्व' आणि दुसऱ्यावर 'महत्त्व' असेल तर वाचणारा अडखळतो. महत् अधिक त्व, म्हणून दोन 'त' आणि एक 'व', हे मला नानांनीच शिकवलं आणि ते डोक्यातून जात नाही. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली एवढा जाडजूड व्याकरणाचा ग्रंथ लिहिला तो काय रिकामटेकडेपणानं? आणि नाना ज्यांचं नाव काढताना हात जोडतात त्या यास्मिन शेख. जन्मानं ज्यू, लग्नानं शेख, आणि मराठी शब्द कसा लिहावा याचा कोश त्यांनी केला. मराठी कुणाची, असं कुणी ताणून विचारलं की नाना हेच नाव सांगतात आणि समोरचा गप्प होतो. नानांचं मला आवडतं ते हे. त्यांच्या लाल पेनाला जात नाही. ते सगळ्यांना सारखंच छळतं.

पण सगळ्या लाल पेनांचं असं नसतं. वहिनींनी त्या दिवशी एक गोष्ट काढली आणि नानासुद्धा थोडा वेळ बोलले नाहीत. फुल्यांचं लिखाण आलं तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्याच्या व्याकरणाची टर उडवली होती. 'गुलामगिरी'त माणूस काय सांगतोय ते राहिलं बाजूला. पुढं १८८५ला मराठी ग्रंथकारांची सभा भरली, फुल्यांना बोलावणं गेलं, तर त्यांनी यायला साफ नकार दिला. आता कुणी म्हणेल, नुसत्या ऱ्हस्वदीर्घाचं एवढं काय? 'आनी-पानी' म्हणणाऱ्या पोराला वर्गात उभं करून हसतात ना, ते ज्यानं सोसलंय त्याला विचारा. 'ण'चा 'न' झाला म्हणून पाण्याची चव बदलत नाही. पण त्या पोरानं पुढं वर्गात तोंड उघडलं नाही तर ते कुठल्या नियमात बसतं? असो. मी कुंपणावरच्या गप्पा सांगत होतो.

तर होणाऱ्या सूनबाईंचा फोन आला. व्हिडिओ कॉल. वहिनींनी कौतुकानं फोन नानांकडं वळवला. "नमस्कार नाना," पोरगी गोड हसून म्हणाली. "मी यांना बोलली होती, नानांना दाखवा म्हणून. मला प्रूफ भेटलं काल."

नानांनी डोळे मिटले. प्रूफ भेटलं! माणसं भेटतात, वस्तू मिळतात. आणि 'बोलली' नाही, 'म्हणाले'. सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण नवी सून, पहिली ओळख. नुसतं "छान, छान" म्हणाले. माझ्या माहितीत नानांनी चूक ऐकून सोडून दिल्याचा हा पहिला प्रसंग. फोन बंद झाल्यावर आजी म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. नाना गप बसलं म्हंजे कायतरी हाय तिच्यात."

खरा स्फोट झाला तो संध्याकाळी, नवरदेव कामावरून आल्यावर. त्याला छापील पत्रिकेचं काही नाही. ती तुम्ही मोठ्यांनी वाटा म्हणाला. त्याला मोबाइलवर पाठवायची वेगळी पत्रिका करायची होती आणि तिच्यावर मधोमध मोठ्या अक्षरांत: 'लय भारी लगीन, नाद खुळा!' खाली लहान मुलांच्या नावांनी ती नेहमीची ओळ, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं.

"हे शब्दच नव्हेत," नाना म्हणाले.

"मग काय आहेत?" पोरगा म्हणाला. "तुम्हाला कळले ना?"

"कळणं वेगळं. शब्द वेगळा."

इथं मात्र मी मध्ये पडलो. म्हटलं, नाना, तुमच्या त्या छापील पत्रिकेतच बघू या की कोण कोण घरचं आहे. तिच्यातला 'दिनांक' सावरकरांनी भाषाशुद्धीत चालवलेला, त्याआधी घरोघर 'तारीख'च होती. उद्या आचारी पोतंभर बटाटे आणेल, त्याला पगार द्याल, कोठीची चावी वहिनींच्या कमरेला असेल. बटाटा, पगार, चावी, तिन्ही पोर्तुगीजांनी आणलेले. लग्नातून फारसी-अरबी काढली तर अत्तर गेलं, गुलाब गेला, शालूची जरी गेली, मेजवानी गेली. उरल्या अक्षता. आणि आजींना तुम्ही 'अक्का' म्हणता, ते कानडी. त्यांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ताही कानडी.

नाना हसले. त्यांना हे सगळं माझ्याहून जास्त ठाऊक आहे. म्हणाले, शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातली फारसी हटवायलाच ना? आणि माधव जूलियनांचं बघा. १९२५ला फारसी-मराठी कोश केला तो त्यांनीच, आणि पुढं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं तेही त्यांनीच. "शब्द आत येतात हे मी नाकारत नाही. पण दारात थोडं थांबू द्यावं. सगळ्यांनाच पहिल्या दिवशी पंगतीला बसवायचं नसतं."

हे मला आवडलं, तरी मी म्हटलं, किती थांबायचं? 'झक्कास' कधीपासून थांबलाय? 'भंकस', 'राडा', 'लोचा' यांच्याशिवाय वर्तमानपत्राचं पान भरत नाही आता. वहिनी म्हणाल्या, नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' आलं १९७२ला. प्रस्तावना कुणाची, तर विजय तेंडुलकरांची, आणि त्या पुस्तकातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ खुद्द तेंडुलकरांना ठाऊक नव्हते. म्हणून ते शब्द नव्हते का? मुंबईच्या एका भागातली माणसं त्याच शब्दांत जगत होती, मरत होती. दाते-कर्व्यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश काढा म्हणाल्या, वऱ्हाडी, कोकणी, गोव्याकडचं, सगळं त्यांनी खुणा करकरून आत घेतलंय. "तुमचे कोशवाले तुमच्यापेक्षा मोठ्या मनाचे होते, नाना."

"सूनबाई, पण 'नाद खुळा' म्हणजे व्याकरणानं काय?" नाना अजून अडलेलेच. "नाद हे नाम, खुळा हे विशेषण. क्रियापद कुठंय?"

"जोरात म्हटलं की क्रियापद लागत नाही," पोरगा म्हणाला. मला वाटतं दामल्यांनाही ह्याचं उत्तर जड गेलं असतं.

आजी इतका वेळ सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, "नाना, पोराचं लगीन हाय का तुमचं?"

त्यावर नाना जरा वेळ गप्प बसले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते प्रूफवाचनाचं जुनं तेज आलं. म्हणाले, नियमातच सोय आहे. पात्राच्या तोंडी जो मजकूर घालायचा तो बोलण्यात असतो तसा लिहायला परवानगी आहे. म्हणजे 'असे केले' न लिहिता 'असं केलं' चालतं, ते त्याच आधारावर. तेव्हा हे वाक्य नवरदेवाच्या तोंडचं म्हणून अवतरणचिन्हांत घाला. अवतरणाच्या आत तुम्ही काय हवं ते बोला, माझी जबाबदारी अवतरणापर्यंत. वहिनींनी मला डोळा घातला. पोरगा उड्या मारत आत मोबाइल आणायला गेला.

आणि झालं असं वाटतंय तोवर नानांनी पेनाचं टोपण काढलं.

"पण 'लय' नाही हं. 'लय' म्हणजे संगीतातली लय, नाहीतर प्रलयातला लय. तुम्हाला खूप म्हणायचंय ना? मग 'लई'. शेवटचा ईकार, दीर्घ."

"'लई' कोण लिहितंय नाना?" पोरगा दारातूनच. "सगळे 'लय' लिहितात. फार तर 'लै'."

"'लै' तर मुळीच नाही."

"आमच्याकडे 'लय'च म्हणून राहिले," वहिनी.

"मी 'लै' म्हणतो," आजी म्हणाल्या, आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

मघाशी जो शब्दच नव्हता, त्याच्या ऱ्हस्वदीर्घासाठी दिवेलागणीला चौघंजण कुंपणावर भांडत होते, आणि सगळ्यांत जोरात नाना. त्यांनी आतून मो. रा. वाळंब्यांचं पुस्तक आणलं, त्यात काही मिळेना म्हणून वाईला कुणा जुन्या सोबत्याला फोन लावला. पलीकडचा माणूस आधी हसला असावा, कारण नाना "हसू नका, गंभीर प्रश्न आहे" असं म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

छापील पत्रिका गेली छापायला, 'आमचे येथे' तसंच ठेवून. मोबाइलवरची अडलीय. नाना 'लई'वर ठाम आहेत, आजी 'लै'वर, वहिनी आणि पोरगा 'लय'वर. मुंबईला विचारलंय, तिकडून उत्तर आलं की सांगतो.